सुट्टीत घरी पाहिलेले सिनेमे



मागच्या अंकात मी सुट्टीत मुलांकडून काय वाचून घ्यावे यावर मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. खरे सांगायचे तर आमच्या घरात या मे महिन्यात वाचन थोडे आणि सिनेमे जास्त झाले. उन्हाने बाहेर पडता येत नाही, पाहुणे येऊन गेले, आंबे संपले, मग संध्याकाळी करायचे काय? ईशाची नमाज झाली की हॉलमध्ये सतरंजी पडायची, धाकटा मोबाईल टीव्हीला जोडायचा आणि सासूबाई हातात तसबीह घेऊन दिवाणावर बसायच्या. "मी बघत नाही, नुसती बसते," असे त्या रोज म्हणायच्या. शेवटचे नाव पडद्यावरून जाईपर्यंत उठायच्या मात्र नाहीत.

सिनेमा कोणी निवडायचा यावरून पहिल्याच दिवशी भांडण झाले, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी धाकट्याची निघाली. त्याने दक्षिणेकडचा मारामारीचा डब केलेला सिनेमा लावला. त्यात नायक एका हाताने जीप उचलतो. एवढे पाहून मी कणीक भिजवायला गेले, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दुसऱ्या दिवशीपासून मी चिठ्ठ्यांत थोडी लबाडी केली. अल्लाह माफ करो.

माझी पहिली निवड म्हणजे मजीद मजीदींचा १९९७ सालचा इराणी सिनेमा. फारसी नाव ‘बच्चेहा-ए-आसमान’. नाव ऐकताच सासूबाई म्हणाल्या, "हे तर मला कळले." अलीकडून त्याच्या लहान बहिणीचे, जहराचे, दुरुस्त करून आणलेले बूट भाजीच्या दुकानासमोरून हरवतात. घरभाडे थकलेले, आई आजारी, त्यामुळे अब्बांना सांगायची सोय नाही. मग दोघे अलीचेच जोडे वाटून घेतात. जहराची शाळा सकाळी, अलीची दुपारी. ती धावत यायची, गल्लीत जोडे बदलायचे, मग हा धावत जायचा आणि तरी उशीर व्हायचा. पुढे शाळांच्या धावण्याच्या शर्यतीत तिसरे बक्षीस बुटांचे आहे म्हणून तो तिसरा येण्यासाठी धावतो. काय होते ते सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा. शर्यत जरा लांबली आहे असे मला वाटले, पण आमच्याकडे कोणी श्वास घेत नव्हते, तेव्हा ते माझे एकटीचे मत समजा.

मला त्यातला वेगळाच प्रसंग आवडला. अब्बा घरी बसून मशिदीसाठी साखरेचे मोठे खडे फोडतायत. समोर परातभर साखर. जहरा त्यांना चहा आणून देते, त्यात साखर नाही. ती म्हणते, एवढी साखर तर आहे समोर. अब्बा सांगतात, ती मशिदीची आहे, आपल्याकडे विश्वासाने दिली आहे. एवढेच. पुढे भाषण नाही, संगीत नाही. मी वीस वर्षे वर्गात ‘अमानत’ या शब्दाचा अर्थ सांगते आहे. फळ्यावर लिहून, उदाहरणे देऊन. त्या माणसाच्या कोऱ्या चहात तो जेवढा कळतो तेवढा माझ्या सांगण्यात कळत नाही, हे कबूल करायला हवे. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी मशिदीच्या इफ्तारीतून उरलेली, आमच्या घरी राहिलेली एक किटली आठवणीने परत पाठवली. ती रमजानपासून आमच्या माळ्यावर होती.

दुसरी निवड ‘वजदा’. २०१२ सालचा, सौदी अरबस्तानातला. दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर. तेव्हा त्या देशात सिनेमाघरेच नव्हती, ती २०१८ मध्ये उघडली. रियाधच्या रस्त्यावर बाईने पुरुषांमध्ये उभे राहून चित्रीकरण करणे अवघड, म्हणून बाहेरचे बरेच प्रसंग या बाईंनी व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवर सूचना देत पुरे केले. गोष्ट दहा वर्षांच्या मुलीची आहे. तिला एक हिरवी सायकल हवी आहे, शेजारच्या अब्दुल्लाशी शर्यत लावायला. सायकल ८०० रियालची आणि शाळेतल्या किरअतच्या स्पर्धेचे बक्षीस १००० रियाल. मग ही मुलगी, जी एरवी तजवीदच्या नावाने पळते, ती स्पर्धेच्या तयारीला लागते.

यावर आमच्याकडे सिनेमापेक्षा मोठी चर्चा झाली. सायकलसाठी कुरआन शिकणे योग्य का, हा प्रश्न यांनी काढला. थोरली म्हणाली, "अब्बा, तुम्ही मला हिफ्जच्या वेळी घड्याळ देतो म्हणाला होतात." हे गप्प. माझे मत असे की मूल कोणत्या दाराने आत आले ते फार तपासू नये, आत येऊन काय करते ते बघावे. आणि त्या मुलीचा आवाज हळूहळू सुधारत जातो, तो नुसता पैशासाठी सुधारलेला वाटत नाही. मुख्याध्यापिका मात्र फारच काळी रंगवली आहे. आमच्या जातीचा एवढा राग कशाला? (नंतर मला या वाक्याची लाज वाटली, ते पुढे येईलच.)

या सिनेमात एका भिंतीवर घराण्याची वंशावळ लावलेली आहे, त्यात फक्त पुरुषांची नावे. वजदा स्वतःचे नाव कागदावर लिहून अब्बांच्या नावाजवळ टाचते. पुढे पाहते तर कोणीतरी तो कागद काढलेला. थोरलीने तिथे सिनेमा थांबवायला लावला आणि आमच्या घराण्याचा कागद कोणाकडे आहे असे विचारले. कागद चुलतसासऱ्यांकडे आहे. त्यात काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

आणि सासूबाई! मुलीने सायकल चालवू नये या पक्षात त्या असतील असे मी धरून चालले होते. त्यांनी तसबीह बाजूला ठेवली आणि सांगितले की लहानपणी त्या मळ्यातल्या पाऊलवाटेवर भावाची सायकल हाफ पॅडल मारत चालवायच्या. पडल्या, गुडघा फुटला, घरी सांगितले की बांधावरून घसरले. साठ वर्षांनी पहिल्यांदा ही गोष्ट बाहेर आली. "मग पुढे का सोडली?" थोरलीने विचारले. "भावाने सायकल विकली," त्या म्हणाल्या. तिला याहून मोठे कारण अपेक्षित होते.

सायकलीवरून आठवण झाली म्हणून दुसऱ्याच रात्री ‘एलिझाबेथ एकादशी’ लावला. परेश मोकाशींचा, २०१४चा. पंढरपूरचे वातावरण, वारीची गर्दी, कर्जात अडकलेली विणकामाचे मशीन चालवणारी आई आणि तिला न सांगता बांगड्या विकणारी मुले. घरात सगळ्यांना आवडला, कारण भाषा आपली. वाचून दाखवावे लागले नाही.

बाकी सिनेमांना इंग्रजी ओळी खाली येतात, त्या मी मोठ्याने आपल्या बोलीत सांगायचे. दोन दिवसांत घसा बसला. पण फारसी सिनेमांत एक गंमत होते. मध्येच ओळखीचा शब्द कानावर येतो. ‘दफ्तर’ हा शब्द घ्या. फारसीत दफ्तर म्हणजे वही. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. आणि मराठीत आपण दप्तर पाठीला लावून शाळेत जातो. एकच शब्द, वाटेत कुठे कुठे उतरत आला. गृहपाठाला तिकडे ‘मश्क’ म्हणतात, आपल्या उर्दूच्या पुस्तकात धड्याखाली मश्क असते तीच. मी वर्गात सांगायला हे टिपून ठेवले.

ही वही आणि ही मश्क ज्या सिनेमात आहे तो शेवटचा. अब्बास किआरोस्तमींचा, १९८७ सालचा, ‘दोस्ताचे घर कुठे आहे?’ अशा अर्थाच्या नावाचा. पहिल्या वीस मिनिटांत हे झोपले. धाकटा म्हणाला, यात काहीच होत नाही. खरेच काही होत नाही. वर्गात गुरुजी वह्या तपासतायत. एका मुलाने गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर केला आहे, तोही तिसऱ्यांदा. गुरुजी कागद फाडतात आणि बजावतात, पुन्हा असे केलेस तर शाळेतून काढीन. मुलगा रडतो. त्याच्या शेजारी बसणारा अहमद घरी जाऊन दप्तर उघडतो तर मित्राची वही चुकून आपल्याकडे आलेली. आता ती आजच पोचवली नाही तर उद्या त्याला काढतील. मित्राचे गाव डोंगरापलीकडे, घर माहीत नाही.

आईला तो पुन्हा पुन्हा सांगतो. आई म्हणते, आधी गृहपाठ कर. मग म्हणते बाळाला झोका दे, मग गरम पाणी आण, मग पाव आण. ती वाईट नाही, कामात आहे. पण त्याचे वाक्य शेवटपर्यंत ऐकत नाही. मी हे पाहताना हातातली शेंगांची टोपली खाली ठेवली, कारण दुपारीच धाकटा मला काहीतरी सांगत होता आणि मी त्याला कपडे वाळत घालायला पाठवले होते. आजोबा तर खिशात सिगारेट असताना नातवाला सिगारेट आणायला पिटाळतात, का तर मुलाला सांगितलेले ऐकायची सवय लागावी. अहमद वही शर्टात खुपसून डोंगर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मोठी माणसे त्याच्याकडे बघतात पण ऐकत नाहीत.

(१९९० साली त्या भागात मोठा भूकंप झाला. दिग्दर्शक त्या मुलांचे काय झाले ते पाहायला परत गेले आणि त्यावर पुढे आणखी एक सिनेमा केला. मुले वाचली होती. हे मी शेवटी घरच्यांना सांगितले तेव्हा सासूबाईंनी ‘शुक्र’ म्हटले, जणू शेजारच्या गल्लीतली मुले.)

तर तो कागद फाडण्याचा प्रसंग. तो आला तेव्हा मी ओळी वाचून दाखवायची थांबले. थोरलीने माझ्याकडे पाहिले आणि सहज विचारले, "अम्मी, तुम भी ऐसा करते क्या?"

मी म्हटले, नाही. आणि ते खोटे होते.

गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गात एक मुलगा मराठीचे निबंध पेन्सिलने लिहून आणायचा. नववीत पेन्सिल? मी दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा पान फाडले. सगळ्या वर्गासमोर. शाळेतून काढीन असे म्हटले नाही, पण "बालवाडीत बस" असे म्हटले. मुले हसली. दोन दिवसांनी तो नवी वही घेऊन आला, पेनाने, सुरेख अक्षरात. मी त्याला शाबासकी दिली आणि शिक्षकांच्या खोलीत सांगितले की थोडे कडक राहिले की मुले सुधारतात. वही कुठून आली ते विचारले नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या पटावर त्याचे नाव होते, तो नव्हता. एक आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्या वर्गमित्राला घेऊन त्याच्या घरी गेले. एक खोली, पुढे पत्र्याचा आडोसा. आईने चहा ठेवला, नको म्हटले तरी. ती म्हणाली, वडिलांचे काम बंद आहे, आणि मुलगा डिसेंबरपासून संध्याकाळी बेकरीत जात होता, आता दिवसभर जातो. पेन्सिलीचे मी विचारले नाही, तीच सांगू लागली. एक वही दोघा भावंडांत चालायची. तो लिहायचा, तपासून झाले की धाकटी खोडरबराने पुसून त्यावर लिहायची. पेनाची वही पुसता येत नाही. तिने ती काढून दाखवली. माझ्या लाल शाईच्या ‘छान!’ खाली, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात पाढे लिहिलेले होते.

एका वहीमुळे त्याची शाळा सुटली असे मी म्हणत नाही. त्याच्या आईनेही म्हटले नाही. पण डिसेंबर हा महिना मला मोजता येतो.

बेकरीच्या मागच्या दाराला गेले तर तो टोस्टचे ट्रे बाहेर काढत होता. मला पाहून त्याने मैद्याचे हात शर्टाला पुसले आणि सलाम केला. काय बोलायचे ते मी वाटेत ठरवले होते, ते काही आठवले नाही. म्हटले, नाव अजून पटावर आहे, मुख्याध्यापकांशी बोलले आहे, वह्यांचे मी बघते. नाहीच जमले तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते हेही सांगितले, पण ते तेवढ्या जोरात सांगितले नाही. तो म्हणाला, सकाळची पाळी मिळते का ते मालकाला विचारतो. मग थोडे थांबून म्हणाला, "मॅडम, पेनानेच लिहायचे ना?"

मी म्हटले, कशानेही लिही.

त्याने शनिवारी सांगतो म्हटले आहे. हे लिहिते आहे तो बुधवार आहे.