जुन्या बोटीला एक इंच कमी

फ्लोरिडातल्या एखाद्या तळ्यावरची सकाळ. चाळीस वर्षांची स्की बोट, तिच्यामागे ताणलेला दोर आणि दोराच्या टोकाला गळाभर पाण्यात, एका स्कीवर पाय रोवून थांबलेला माणूस. त्याने आवाज दिला की चालक थ्रॉटल पुढे ढकलतो. बोटीचं नाक वर चढतं, इंजिन घुमायला लागतं, पण बोट काही पाण्यावर आडवी येत नाही. मागचा माणूस नुसता फरफटत राहतो, नाकातोंडात पाणी जातं आणि शेवटी हातातला दांडा सुटतो. किनाऱ्याला आल्यावर सगळा दोष इंजिनावर जातो. प्लग बदलतात, कार्ब्युरेटर उघडतात. बोटीच्या तळाला बसवलेल्या पंख्याकडे मात्र कोणी वाकून बघत नाही.

कोकणातल्या बंदरांवर प्रोपेलरला सरळ पंखाच म्हणतात आणि तो शब्द इथेही चपखल बसतो. या पंख्याच्या बुंध्यावर दोन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ 13 बाय 13. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लेथवर काम केलेल्याला पिच म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: बोल्टचा एक फेरा झाला की तो जेवढा आत सरकतो, तेवढं त्याच्या आट्याचं पिच. पंखाही पाण्यात असेच आटे कापत पुढे जातो. फरक एवढाच की पाणी लोखंडासारखं घट्ट नाही, ते मागे निसटतं. त्यामुळे 13 इंचांचा पंखा एका फेऱ्यात 13 इंच कधीच जात नाही. साधारण 10-11 इंचांवर त्याचं भागतं.

पिच जास्त म्हणजे सायकलचा वरचा गिअर. सपाट रस्त्यावर तो झकास पळतो, पण उभ्या चढावर जागेवरून निघायचं म्हटलं की पाय अडकतात. स्की बोटीला तर दर खेपेला जागेवरूनच निघायचं असतं, तेही मागे माणूस ओढत.

आणि वेग तरी किती लागतो? वॉटर स्कीइंगच्या स्लॅलम स्पर्धेत पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी 58 किलोमीटर, महिलांसाठी 55. आता हिशेब मांडू. 1980च्या दशकातल्या कितीतरी स्की नॉटिक बोटींत फोर्डचं 351 घन इंचांचं, 240 अश्वशक्तीचं व्ही-8 इंजिन असे आणि मधे गिअरची घट नसे. इंजिनाचा एक फेरा म्हणजे पंख्याचाही एक फेरा. मिनिटाला 4,400 फेरे आणि 13 इंच पिच धरलं तर कागदावर ताशी 87 किलोमीटर येतात. पाण्याची निसट 15 ते 20 टक्के वजा केली तरी सत्तरच्या आसपास उरतात. म्हणजे खेळाला लागणाऱ्या वेगापेक्षा कितीतरी जास्त. जो वेग कधी वापरायचाच नाही, त्याच्या हौसेपायी रोज वापरायची ओढ घालवणं हा तोट्याचा सौदा आहे. म्हणून जुन्या स्की बोटीच्या मालकाने 13 की 12 अशा पेचात सापडल्यावर 12 उचलावा, हे ठामपणे सांगायला हवं.

स्क्रू मोठा म्हणजे काम जास्त असं नाही, हा धडा प्रोपेलरच्या जन्मापासूनचा आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने 1837 साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात आपली बोट चालवून पाहिली. तिचा लाकडी स्क्रू दोन पूर्ण वेढ्यांचा होता. धडकेत त्याचा एक वेढा तुटला आणि बोट अडखळण्याऐवजी आधीपेक्षा जोरात धावू लागली!

जुन्या वस्तूंवर जीव असणारे म्हणतील, कारखान्यातून बोट निघाली तेव्हा जो आकडा होता, तोच बसवा. त्यांचं प्रेम खरं आहे, पण बोट आता तेव्हाची राहिलेली नाही. त्या काळच्या फायबरग्लास बोटींच्या तळात लाकडी पट्ट्या आणि त्यांच्यामधे फोम भरलेला असे. वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी तो फोम पिऊन बसतो. बोटीच्या तळावरची फळी उचलून फोमचा तुकडा पिळला की हातावर पाणी ओघळतं, एवढी साधी खूण. अशी बोट मुळापेक्षा कितीतरी जड झालेली असते. इंजिनाच्या सिलिंडरांतला दाबही उतरलेला असतो. वजन वाढलेलं, दम कमी झालेला आणि पंखा मात्र तरुणपणीचा.

अशा बोटीत पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे मर्यादेपर्यंत पोचत नाहीत. समजा मर्यादा 4,400 आहे आणि काटा 4,200वर अडतो. पिच एक इंच कमी केलं की ढोबळमानाने दीडशे-दोनशे फेरे वाढतात. इथे औषध सरळ आहे. ते न करता बोट तशीच रेटली, तर दबलेलं इंजिन आतून ठोकायला लागतं, गॅस्केट जातं, पिस्टन जळतात. अशा जुन्या इंजिनाची पुनर्बांधणी पंख्याच्या किमतीत होत नाही.

मात्र आधी मोजमाप खरं हवं. डॅशबोर्डवरचा जुना काटा शंभर-दोनशे फेऱ्यांनी सहज खोटं सांगतो, म्हणून हातात धरायच्या टॅकोमीटरने तो पडताळावा. वेग जीपीएसवर बघावा, वाऱ्याच्या दिशेने आणि उलट, दोन्ही बाजूंनी. आणि रोज जेवढी माणसं बसतात तेवढीच बसवून. एकट्याने अर्ध्या टाकीवर घेतलेली चाचणी निरुपयोगी आहे.

जागेचाही हिशेब असतो. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाच्या सीमेवरचं लेक टाहो समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंच आहे. कार्ब्युरेटरचं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. टाहोला पोचेपर्यंत जवळपास पाचवा हिस्सा गेलेला असतो. फ्लोरिडात उत्तम चालणारा पंखा तिथे जड पडणारच.

पिच कमी करण्यालाही अर्थात सीमा आहे. फारच कमी केलं तर इंजिन मर्यादेपलीकडे पळतं आणि नेहमीच्या वेगालाही पेट्रोल जास्त पितं. पात्याच्या मागच्या कडेला किंचित वळण, म्हणजे कप, दिलेला असेल तर तोच पंखा जवळपास इंचभर जास्त पिचसारखा वागतो. तेव्हा बुंध्यावरच्या आकड्यासोबत कपही विचारावा. हाताने घासून काढलेल्या जुन्या पंख्यांत तर तिन्ही पात्यांचं पिच सारखं असेलच असं नाही. यंत्रावर कोरलेल्या आजच्या पंख्यांनी ही कटकट बरीच संपवली आहे, आणि जुन्या बोटीला नवा पंखा लावण्यात बाटण्यासारखं काही नाही.

ऑर्डर देण्याआधी शाफ्ट कोणत्या बाजूला फिरतो ते पाहून घ्यावं, कारण या बोटींत डावे-उजवे दोन्ही प्रकार आहेत. जुना पंखा हातोड्याने न ठोकता पुलरने उतरवावा आणि जपून ठेवावा. एखाद्या दिवशी बुडालेल्या ओंडक्यावर पातं आपटलं की तोच उपयोगी पडेल. नवा पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावर, दोघांना एकमेकांत अडकवणाऱ्या चावीशिवाय बसवून, ग्राइंडिंग पेस्ट लावून, हाताने थोडा थोडा फिरवत घासावा. उतरवल्यावर आतला राखाडी पट्टा सगळीकडून सारखा दिसला, की मग चावी आणि नट.