पाण्यात म्हैस, वर मोल

या सदरात आम्ही बहुधा इतरांच्या घरच्या गोष्टी सांगतो. या खेपेस आमच्याच घरची एक सांगणे प्राप्त झाले आहे. आणि ती सांगताना आम्हांस मान थोडी खाली घालावी लागणार आहे.

आमच्या धाकट्या बंधूंची सून शिक्षिका आहे. दक्षिण कसब्यातील आमच्या घरून जुळे सोलापुरातील तिच्या शाळेत जावयाचे म्हणजे रोज दोन रिक्षा बदलाव्या लागत. तेव्हा दीड वर्ष पगारातून शिल्लक टाकून तिने एक वापरलेली स्कूटर घेण्याचे मनात धरले. मोबाईलवरील जाहिरातींत तिला एक गाडी दिसली. गाडी तीन वर्षांची, धावलेली जेमतेम ९,००० किलोमीटर, आणि मागणी अवघी ३२,००० रुपयांची. सोलापुरात तसल्या गाडीस याच्या दुप्पट पडते. विकणाऱ्याने कळविले की, आपण लष्करात आहो, पुण्याहून ईशान्य सीमेवर बदली झाली आहे, म्हणून गाडी घाईने काढीत आहो. पाठोपाठ ओळखपत्र, कँटीनचे कार्ड, गणवेषातील छायाचित्र आणि गाडीचे नोंदणीपत्र, असे सारे काही आले.

"काका, तुम्ही एकदा पाहून सांगा," असे म्हणून तिने तो मोबाईल आमच्या हाती दिला. आम्ही चष्मा लावून सर्व पाहिले आणि निकाल दिला, "जो देशासाठी प्राण द्यावयास निघाला आहे, तो बत्तीस हजारांसाठी खोटे बोलेल काय? सैनिकाच्या शब्दावर संशय घेणे आपणांस शोभत नाही." वर्गात आयुष्यभर मुलांस 'आधी परीक्षा, मग विश्वास' असे घोकविणारे ते आम्हीच!

पहिल्याने छावणीच्या फाटकाचा परवाना व वाहतूक म्हणून २,१०० रुपये गेले. लगोलग गाडी गोणपाटात गुंडाळल्याचे छायाचित्र आले आणि घरात आनंद झाला. मग वाटेतील विम्याचे ६,२०० झाले. हे गाडी पोचताच परत मिळावयाचे होते. ते भरतात न भरतात तोच निरोप आला की, यंत्राने रक्कम स्वीकारली नाही, पुन्हा तेवढीच भरा, म्हणजे दोन्ही मिळून परत करता येतील. पुन्हा ६,२०० गेले. शेवटी कसल्याशा करापोटी १२,९००. एकूण २७,४०० रुपये. त्यानंतर तो क्रमांक कायमचा मुका झाला.

पहिली रक्कम लहान होती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. नंतरचा प्रत्येक रुपया गाडीसाठी जात नव्हता; आधी गेलेला रुपया सोडविण्यासाठी जात होता. जुगाऱ्याचे मन जसे चालते तसेच येथे गृहस्थाचे चालते, आणि भामट्यास ते पुरते ठाऊक असते.

यापुढचा अपराध मात्र सर्वस्वी आमचा. सूनबाई त्याच रात्री तक्रार करावयास निघाली होती. आम्ही म्हणालो, "चार लोकांत हसे होईल, दोन दिवस थांबून पाहू." ते दोन दिवसच महागात पडले. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास ठकाच्या खात्यातून पैसा पुढे सरकण्यापूर्वी बँकेकरवी तो अडकविता येतो. केंद्र सरकारचे सायबर गुन्ह्यांच्या तक्रारींचे संकेतस्थळही त्यासाठीच आहे. आम्ही गेलो तेव्हा पैसे चार खाती फिरून काढलेही गेले होते. पोलिसांकडून पुढे एवढे कळले की, छायाचित्रातील गाडी खरी, तिचा क्रमांक खरा आणि मालकही खरा. पुण्याच्या कोणा सद्गृहस्थाने पूर्वी केलेल्या जाहिरातीतून ती चित्रे व कागद उचललेले होते. त्या बिचाऱ्यास याचा पत्ताही नव्हता. लष्करातील त्या जवानाचे ओळखपत्रही असेच कोणाचे तरी चोरलेले असावे.

ही विद्या देशात काही ठिकाणी घरोघरी मुरली आहे. हरियाणातील नूह आणि त्याच्या आसपासचे राजस्थानातील भरतपूर, अलवर हा मेवातचा टापू त्यासाठी विशेष कुप्रसिद्ध झाला. तेथे पूर्वी पितळेची वीट सोन्याची म्हणून गळ्यात मारण्याचा धंदा चाले, त्यास 'टटलू' म्हणत. मोबाईल आल्यावर विटेच्या जागी गाडी आली, एवढाच फरक. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणाच्या सुमारे ५,००० पोलिसांनी एका रात्री नूहमधील १४ गावांवर छापे घातले होते, यावरून पसाऱ्याची कल्पना यावी. अर्थात त्या मुलखातील सारेच लोक तसे, असे कोणी समजू नये. ठकविणारा आपल्या गल्लीतलाही असू शकतो.

आता आमचे बालपणीचे एक चित्र सांगतो. मकरसंक्रांतीस सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरे, तिच्याबरोबर जनावरांचा बाजारही भरे. आमच्या आजोबांची थोडी जमीन होती, ती वाट्याने लावलेली. वाटेकऱ्यास बैल घ्यावयाचा होता म्हणून आजोबा आम्हांस बोटास धरून त्या बाजारात घेऊन गेले. खिलार बैल होता, दिसावयास देखणा. परंतु वाटेकऱ्याने त्याच्या देखणेपणाकडे पाहिलेच नाही. त्याने आधी जबडा उघडून दात मोजले, चौदाती की सहादाती ते ठरविले. मग चालविले, उलटे फिरविले, खुरांवर हात फिरविला, अंगावरचे भोवरे पाहिले, गाडीस जुंपून भरल्या ओझ्यानिशी चढावर नेला. कारण सपाटीवर सगळेच बैल गुणी असतात, बसका असेल तर चढावर बसतो. एवढे झाल्यावर रुमालाखाली बोटे धरून भाव झाला. मग बैलाचा रंग, शिंगे, खुणा लिहून बाजाराचा दाखला झाला, आणि दावे हातात आल्यावरच कमरेच्या कशाची गाठ सुटली. त्या मनुष्यास अक्षरओळख नव्हती. आम्ही मात्र चार बुके शिकून न पाहिलेल्या गाडीसाठी पैसे पाठवीत बसलो. आमच्या भाषेत 'पाण्यात म्हैस, वर मोल' ही म्हण आहे. ती आम्ही मुलांना वाक्यात उपयोग करावयास कितीदा तरी दिली असेल.

आणि शास्त्र तरी कोठे वेगळे सांगते? घेतलेल्या वस्तूची परीक्षा किती दिवसांत करावी, हे याज्ञवल्क्यस्मृतीने नेमून दिले आहे: लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात, बियाण्यास दहा. मालक नसलेल्याने केलेल्या विक्रीस स्मृतिकार 'अस्वामिविक्रय' म्हणतात, आणि व्यवहाराच्या अठरा पदांत तिला स्वतंत्र स्थान देतात. ज्याच्यापाशी ती वस्तू असण्याचा संभव नाही अशा माणसाकडून, एकांतात, फार थोड्या मोलाने, किंवा भलत्या वेळी जो घेतो, त्या घेणाऱ्यासच याज्ञवल्क्य चोर ठरवितो. या ग्रंथावरील मिताक्षरा ही टीका आमच्या सोलापुराहून हैदराबादच्या वाटेने गेल्यास लागणाऱ्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, चालुक्य विक्रमादित्याच्या काळी लिहिली गेली. ती आम्ही वाचलेली आहे. तरीही ज्याचे तोंड पाहिले नाही अशाकडून, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, निम्म्या किमतीत आणि रात्री साडेदहा वाजता आम्ही सौदा केला! चारांपैकी एकही खूण आम्ही सोडली नाही.

आजचा कायदाही याच वाटेने जातो. वस्तुविक्रयाचा कायदा सांगतो की, विकणाऱ्याचा जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क घेणाऱ्यास मिळत नाही. गाडी चोरीची निघाली तर पैसे देऊनही ती आपली नव्हे. आणि चोरीची आहे असे मानण्यास कारण असताना घेतली, तर भारतीय न्याय संहितेप्रमाणे आपणही गुन्हेगार. (हा विक्रयाचा कायदा १९३० सालचा, तक्रारीचा क्रमांकही १९३०. निदान या योगायोगाने तरी तो लक्षात राहावा.)

मग आम्ही विचार केला की, या व्यवहारात ठकविणारा नेमके करतो काय? गाडीच्या सौद्यात तीन गोष्टी हात बदलतात: गाडी, पैसा आणि नाव. बाजारात त्या एका जागी, एका वेळी बदलत. भामटा या तिघींची ताटातूट करतो. घेणाऱ्याकडून पैसा आधी नेतो आणि गाडी मागे ठेवतो. विकणाऱ्याकडून गाडी आधी नेतो आणि पैसा किंवा नाव मागे ठेवतो. युक्त्या शंभर असतील, ताटातूट एकच.

विकणाऱ्याचा पैसा कसा जातो, याचे उदाहरण आमच्याच पेठेत घडले. एका गृहस्थांनी मोटारसायकल विकावयास काढली. गिऱ्हाइकाने घासाघीस न करता पहिलाच भाव कबूल केला आणि क्यूआर कोडाचे चित्र पाठविले. 'हे टिपून पिन घाला, म्हणजे विसाराचे १२,००० तुमच्या खात्यात येतील.' गृहस्थ पिन दाबणार, इतक्यात त्यांच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींनी माजघरातून विचारले, "अरे, पैसे यायचेत ना? मग आपल्या तिजोरीला किल्ली कशाला लावतोस?" म्हातारीस यूपीआय हा शब्दही ठाऊक नाही, पण यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे तत्त्व तिने अचूक पकडले. एका व्यक्तीने दुसरीकडे पैशांची 'मागणी' धाडण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली आहे, त्यामुळे ठकांची एक वाट बुजली; क्यूआर कोडाची वाट अद्याप उघडी आहे. पैसे भरल्याचा संदेश किंवा त्याचे चित्र यांवरही भिस्त ठेवू नये. आपल्या खात्यात जमा दिसली तरच जमा.

परंतु विकणाऱ्याचा खरा घात नावात आहे, आणि तेथेही आमचा अनुभव आहेच. आमच्यापाशी २००१ साली घेतलेली बजाज चेतक होती. तिच्यावर आमचा फार जीव. आमच्या तरुणपणी तिच्यासाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. आम्हांस मिळाली तेव्हा मात्र ती मागणारे उरले नव्हते! २०१४ साली ती आम्ही एका परिचिताच्या परिचितास ६,००० रुपयांस दिली. नमुना २९ आणि नमुना ३० या कागदांवर कोऱ्याच सह्या केल्या. 'नाव मी लावून घेतो, गुरुजी,' असे तो म्हणाला. दोन वर्षांनी मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आमच्या दारात आली. गाडीने एका पादचाऱ्यास धडक दिली होती, विम्याची मुदत टळलेली होती, आणि सरकारदरबारी मालक आम्ही. त्या पादचाऱ्याचा पाय मोडलेला होता. त्यास आम्ही न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात प्रथम पाहिले, आणि त्यानेही आमच्याकडे, आपणांस अपंग करणारा हाच, अशा नजरेने पाहिले. ती नजर आम्ही विसरलो नाही. पुढे घेणारा सापडला, त्याने रक्कम भरली आणि २०१८ साली लोकअदालतीत तडजोड झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले की, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणी ज्याच्या नावाने, तोच कायद्याने मालक आणि भरपाईस बांधलेला. ते वाचून आम्हांस दरदरून घाम फुटला.

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत हस्तांतरण नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. हे काम घेणाऱ्याच्या भरवशावर टाकू नये. गाडीवर कर्ज असेल तर त्याची नोंद नोंदणीपत्रावर असते. कर्ज देणाऱ्याच्या सहीचा नमुना ३५ झाल्यावाचून ती निघत नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास गाडी द्यावयाची असल्यास तो अधिकृत आहे की नाही ते पाहून, नमुना २९ क प्रमाणे गाडी ताब्यात दिल्याची वर्दी द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून अशी वर्दी गेल्यावर जबाबदारी त्या व्यापाऱ्याकडे जाते.

सूनबाईने गाडीचा नाद सोडला नाही. तिने पुन्हा पैसे साठविले. आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून २७,४०० देऊ केले, ते तिने घेतले नाहीत. "शिक्षकाला फी द्यावीच लागते, काका," एवढेच म्हणाली. गेल्या महिन्यात होटगी रस्त्यावरील एका निवृत्त गृहस्थांची स्कूटर दिवसाढवळ्या पाहिली. भाव बाजारभावाचाच होता, एक रुपया स्वस्त नव्हता. तिने ती चालवून पाहिली, न भरलेले दंड आहेत काय ते काढले, नंतर गाडीपाशी उकिडवी बसून चेसिसवरचा क्रमांक वाचू लागली, आणि आम्ही भिंग घेऊन नोंदणीपत्रातील सतरा अक्षरे-अंक एकेक करून मोठ्याने म्हणू लागलो. मधे एका ठिकाणी आम्ही आठास तीन वाचले. तिने आम्हांस थांबविले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचावयास लावले.