अकरा महिन्यांचे घर

अन्न, वस्त्र, निवारा ही त्रयी शाळेत पाठ करताना तिसऱ्या गरजेचा भाव आपल्याला कोणी सांगितला नव्हता. आमच्या पुण्यात तो एका करारनाम्यात कळतो. मुदत अकरा महिने, अनामत आधी मोजायची आणि मुदत संपली की भाड्यात दहा टक्के वाढ. ही दहा टक्क्यांची प्रथा कोणी पाडली देव जाणे. पण वेदवाक्यासारखी पाळली जाते.

साधा हिशेब मांडून पाहू. घरात महिना २०,००० रुपये येतात आणि भाडे ७,००० आहे असे धरा. मिळकत दरसाल पाच टक्क्यांनी वाढली, तर आठ वर्षांनी ती साडेएकोणतीस हजार होईल. दहा टक्क्यांनी वाढणारे भाडे तोवर १५,००० झालेले असेल. म्हणजे निम्मी मिळकत घरमालकाकडे! उरलेल्या निम्म्यात किराणा, औषधपाणी आणि मुलांच्या फिया. अशा घरात शिक्षण सोडण्यावरून भांडण होत नाही. मुलगी फक्त पुढच्या वर्षाचा अर्ज भरत नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असे नव्हे. केंद्राने जानेवारी २०२४ पासून मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील आपल्या नोकरांचा घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के केला. आणि कामगाराचे काय? महाराष्ट्राच्या १९८३ च्या किमान घरभाडे भत्ता कायद्याने त्याच्यासाठी ठरवले ५ टक्के किंवा २० रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते. तेही ५० वा अधिक कामगार असलेल्या उद्योगांत. धुणीभांडी करणारी बाई, रिक्षावाला, दुकानातला पोऱ्या यांना तेवढेही नाही.

म्हणून भाडी गोठवा, असे मी म्हणणार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ती १९४० च्या पातळीवर बांधली. परिणाम काय झाला? पागडी फोफावली, दुरुस्तीअभावी चाळी खचल्या. १९९९ च्या कायद्याने जुन्या संरक्षित भाडेकरूंसाठी दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली. ही मर्यादा नव्या अकरामाही भाडेकरूला का नसावी, हे मात्र मला उमगत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. रिकाम्या घरावर जादा कर बसवला, तर त्यांतली काही तरी भाड्याने निघतील.

हे कायदे आपल्या हाती नाहीत. पण आपल्या महाविद्यालयाच्या फी-सवलतीच्या अर्जात पालकांच्या उत्पन्नाचा एकच रकाना आहे. वडिलोपार्जित वाड्यात राहणारा आणि निम्मी मिळकत भाड्यात घालवणारा, दोघे तिथे सारखेच ठरतात. प्राचार्यांना माझी विनंती आहे की, येत्या जूनपासून त्या रकान्याखाली ‘दरमहा घरभाडे’ असा आणखी एक रकाना छापावा.