फिरकीचा तांब्या

या अंकाची जुळवाजुळव करताना आजीचा फिरकीचा तांब्या टेबलावर होता. पितळेचा, झाकणाला आटे, वर कडी. एसटीत कितीही धक्के बसोत, थेंब सांडत नसे. त्याआधी पाणी कातड्यातून हिंडलं: भिस्तीच्या पाठीवर मशक, रेड्यावर पखाल. कातड्यातून पाझरलेला ओलावा वाऱ्यावर सुकतो आणि आतलं पाणी गार राहतं. ‘आजार रेड्याला, औषध पखालीला’ असं आपण अजून म्हणतो. पखाल पाहिलेली माणसं मात्र थोडीच उरली, याची मला खरंच हळहळ वाटते. १९७३मध्ये नॅथॅनिएल वायथ यांना पेट बाटलीचं पेटंट मिळालं आणि तांब्या माळ्यावर गेला. त्यावर आजीचं नाव कोरलेलं आहे. तुमच्या घरातलं असं भांडं मोडीत घालण्याआधी त्याची हकीकत आम्हाला लिहून पाठवा.