अक्षरांची काळजी कोणी करायची?

“कलाशाखेच्या विद्यार्थ्याला संगणकाची उठाठेव हवी कशाला?” असे आम्हाला हसून विचारले जाते. माझे उत्तर सरळ आहे : अक्षर हा ज्यांचा अभ्यासविषय, त्यांनीच ही उठाठेव आधी करावयास हवी.

एका ग्रंथालयाची यादी संगणकावर चढविण्याच्या कामी मी हातभार लावला होता. छापील कागद हाती आला, तेव्हा मराठी ग्रंथनामांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या! ग्रंथ कपाटातच होते, पण यादीतून ते हद्दपार झाले होते.

दोष यंत्राचा नव्हता. संगणक अक्षर साठवीत नाही. तो बाइट, म्हणजे ० ते २५५ मधील अंक साठवितो. पायथन भाषेत मजकूर आणि बाइट या दोन निराळ्या जाती आहेत. नमपायच्या साहाय्याने नावांची संपूर्ण ओळ, म्हणजे अ‍ॅरे, एका आज्ञेत बाइटमध्ये बदलता येते. मात्र कोणत्या संकेताने, हे आपण सांगावयाचे. अ‍ॅस्की संकेतात अवघी १२८ चिन्हे. देवनागरी त्यात नाहीच. तो वापरला तर पायथन चूक दाखवून थांबतो. हा त्याचा प्रामाणिकपणाच! परंतु उतावळा माणूस ‘इग्नोर’ लिहितो आणि अक्षरे नाहीशी होतात. ‘रिप्लेस’ लिहितो आणि प्रत्येक चिन्हाचे प्रश्नचिन्ह होते.

यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्या डोळ्यांना ४ अक्षरांची. पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सुटे मोजता चिन्हे ११ आणि बाइट ३३. नमपायची ‘एन्कोड’ आज्ञा सर्वांत लांब नावाइतकी जागा स्वतःच राखते. मात्र इंग्रजी नावांच्या मापाने २० बाइटांचे रकाने आधीच आखून ठेवले, तर उरलेले बाइट मुकाट्याने कापले जातात. मग ‘ज्ञाने’ शिल्लक राहते आणि पुढचा ‘श’ अर्धवट तुटलेला!

मित्रहो, शुद्धलेखनाच्या एका वेलांटीसाठी आपण वाद घालतो, तो घालावाच. पण अख्खे नाव पुसले जात असता ‘ते तांत्रिक लोक पाहतील’ म्हणून स्वस्थ बसणे मला पटत नाही. संकेत स्पष्ट सांगा, रकान्याची रुंदी बाइटांत मोजा, आणि बदललेला मजकूर पुन्हा उलगडून मुळाशी ताडून पाहा. एवढी दक्षता घेण्यास विज्ञानशाखेची पदवी लागत नाही. आपल्या भाषेविषयी आस्था लागते.