मतदारसंघाची रेषा आणि जनगणनेचा रकाना

2008 च्या पुनर्रचनेपूर्वी महाराष्ट्रातील लोकसभेच्या 48 जागांपैकी 3 अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. आता 5 आहेत. बुलढाणा खुला झाला, पंढरपूर मतदारसंघच उरला नाही. अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर व सोलापूर राखीव झाले.

हा कोणाचा अनुग्रह नव्हे. राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, आणि शक्यतो जेथे ते प्रमाण अधिक तेथेच दिल्या जातात. धर्मांतरित बौद्धांची गणना 1990 पर्यंत अनुसूचित जातींत होत नसे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती होऊ लागली, आणि 2001 च्या जनगणनेचा आकडा वाढला.

तथापि जो गणकास केवळ ‘बौद्ध’ सांगून जातीचा रकाना कोरा ठेवतो, तो या आकड्यातून गळतो. जात आपण टाकली, हे खरे. परंतु तो रकाना श्रद्धेचा नसून हक्काचा पुरावा आहे. धर्म ‘बौद्ध’ लिहवून घ्या, अनुसूचीतील जातही निःसंकोच नोंदवा. पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध होताच मुदतीत लेखी हरकत घ्या. अंतिम आदेशानंतर न्यायालयाचे दार क्वचितच उघडते.