भाजलेले सोयाबीन : भट्टीआधी चाचणी हवी

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. माळवा, विदर्भ व मराठवाड्यातील अनेक बाजार समित्यांत प्रत्यक्ष दर मात्र त्याखाली राहिले. त्याआधी २०२१ मध्ये सोयापेंड इतकी महागली होती, की केंद्र शासनाला १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. स्वतः सोयाबीन पिकवून ब्रॉयलर पाळणारा शेतकरी या दोन टोकांत सापडतो. दाणा पडत्या भावात विकायचा आणि पेंड चढ्या भावात घ्यायची, हे त्याच्या वाट्याला येते. दाणा भाजून खाद्यात वापरण्याचा पर्याय त्याच्यासाठी निश्चितच विचारार्ह आहे. परंतु त्याचा प्रसार करताना भट्टीपेक्षा चाचणीला अग्रक्रम मिळाला पाहिजे.

आधी हिशेब पाहू. दाण्यात सुमारे ३७ टक्के प्रथिने व १८ टक्के तेल असते. म्हणजे १०० किलो भाजलेला दाणा ढोबळमानाने ४६ टक्के प्रथिनांची ८० किलो पेंड आणि १८ किलो वनस्पती तेल यांची जागा घेतो. दाण्याचा भाव, भाजणावळ व भाजताना होणारी घट यांची बेरीज या दोहोंच्या किमतीपेक्षा कमी असेल, तरच भाजणे परवडते. दाणा नीट दळलेला नसेल, तर त्यातील तेलाचा पुरेसा लाभ पक्ष्याला मिळत नाही.

खरा प्रश्न उष्णतेचा आहे. कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिन-अवरोधक प्रथिनांचे पचन रोखतात. स्वादुपिंड वाढते आणि पक्ष्याची वाढ खुंटते. योग्य उष्णतेने हे अवरोधक निष्प्रभ होतात. मात्र कच्चेपणाच्या भीतीने दाणा काळपट होईपर्यंत भाजला, तर लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल पक्ष्याला पुरेसे मिळत नाही. रंग व वास यांवरून भाजणीचा खात्रीलायक अंदाज येत नाही.

यासाठी दोन चाचण्या एकत्र हव्यात. युरिएज चाचणीत सामूतील वाढ ०.०५ ते ०.२० दरम्यान असावी. त्याहून अधिक आल्यास दाणा कच्चा समजावा. अतिभाजणी मात्र या चाचणीत उघड होत नाही. त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील प्रथिन-विद्राव्यता पाहावी लागते. ती सर्वसाधारणपणे ७० ते ८५ टक्के असावी. केवळ पहिल्या चाचणीवर विसंबणारा शेतकरी अर्धेच सत्य पाहतो.

या पर्यायाच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगाव्यात. करार पद्धतीत खाद्य कंपनीच पुरवते. तेथे हा सल्ला निरुपयोगी आहे. भाजलेला दाणा पेंडीला पूर्ण पर्याय मानू नये. तज्ज्ञांकडून संपूर्ण खाद्यसूत्र बसवून घ्यावे आणि मेथिओनिनची उणीव भरून काढावी. दळलेल्या दाण्यातील तेल खवट होते, म्हणून लागेल तेवढेच दळावे. बुरशी लागलेला माल तर भट्टीत घालूच नये. भाजल्याने अफ्लाटॉक्सिनचा धोका टळत नाही.

एकेका शेतकऱ्याने भट्टी घेण्याऐवजी शेतकरी उत्पादक कंपनीने ती चालवावी आणि प्रत्येक घाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जावा, ही व्यवस्था अधिक शहाणपणाची आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात भट्टीबरोबरच चाचणीचा अहवालही दाखवावा. भाजणी चुकली, तर त्याची किंमत पक्ष्यांच्या घटलेल्या वजनातून शेतकऱ्यालाच मोजावी लागते.